बाहुल्यांच्या पेटीतली पाटी

२ सप्टेंबर १९६५, गुरुवार

आज राममूर्तींशी वाजलं. तार ऑफिसात आमच्या दालनाचे ते सुपरिंटेंडेंट, वयाने माझ्याहून धाकटे, चष्मा मात्र माझ्या आजोबांना शोभेल असा. म्हणाले, "शेषगिरी, टेलिप्रिंटरच्या हॉलमध्ये या आता. तिथे तार आपोआप कागदावर छापून येते. आराम पडेल."

मी म्हटलं, "सार, मला आराम कोणी मागितला?"

मी साउंडरवरचा माणूस आहे. पितळेची एक तरफ खाली-वर आपटते, टक-टक वाजते आणि त्या टकटकीतून मी माणसांची लग्नं, बाळंतपणं, मरणं कागदावर उतरवतो. ऐकायचं आणि लिहायचं, मधे दुसरं काही नाही. साउंडरच्या मागे तंबाखूचा एक रिकामा डबा लावला आहे, त्याने आवाजाला जरा अंग येतं. सगळे जुने लोक लावत. माझा डावा हात त्या डब्यावर टेकलेला असतो आणि उजव्याने लिहितो. सवय आहे. या खुर्चीवर बसूनच माझे केस पांढरे झाले. ते टंकलेखनाचं यंत्र बडवायला मी नोकरीला लागलो नव्हतो.

शेजारच्या टेबलावरचा जनकोजी नंतर काहीतरी समजावत होता. पण तोही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतो. आमच्या तंजावरच्या मराठ्यांचा आवाज असा नव्हता. पिढीच पुटपुटी झाली.

कुंभकोणम लाईनवरचा माणूसही आळशी झाला आहे. आधी बोलावणं द्यायचं, मी होकार दिला की मजकूर सुरू करायचा, ही रीत. हा बोलावतच नाही. मी कॉफीचा टंबलर हातात घेतला की जनकोजी कोपराने ढोसतो, बघतो तर ते महाशय परस्पर सुरू. तक्रार करणार आहे.

५ सप्टेंबर, रविवार

सुंदरीच्या ओळखीचा तो व्यासराज पुन्हा आला होता. आमची मुलगी त्रिपुरसुंदरी मुलींच्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर आहे, आणि हा दुसऱ्या कुठल्या कॉलेजात. माध्वांचा मुलगा, घराणं बरं आहे. पण वागणं विचित्र. माणूस समोर बसला तर डोळ्यांकडे बघावं की नाही? हा माझ्या कानाकडे बघतो. डावीकडून बघून झालं की कॉफी घ्यायच्या निमित्ताने उठून उजवीकडून बघतो. माझे कान मोठे आहेत हे मला ठाऊक आहे, वडिलांचेही होते. म्हणून काय टक लावायची?

त्याच्याजवळ एक काळी बॅग असते. ती उघडून तो आणि सुंदरी व्हरांड्यात कुजबुजत बसतात. मी गेलो की बॅग बंद.

या घरात हल्ली दोनच प्रकारचं बोलणं उरलं आहे. एक तर कुजबुज, नाहीतर ओरडणं. बायको, अन्नपूर्णा, जेवायला बोलावते ती मी पलीकडच्या गल्लीत असल्यासारखी. मधल्या पट्टीत बोलायला कुणाला काय होतं, कळत नाही.

आणखी एक. माझ्या सगळ्या शर्टांचे खिसे सुंदरीने उसवून मोठे केले आहेत. मी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "असूं दे अप्पा, चष्म्याचें घर बसेल." मी चष्मा लावत नाही.

८ सप्टेंबर, बुधवार

लढाई जोरात आहे. ऑफिसात तारांचा पाऊस. पंजाबात छत्रीने उतरलेले लोक पकडले म्हणतात, त्यांच्याजवळ बिनतारी यंत्रं होती म्हणे. मद्रास लांब आहे म्हणून गाफील राहणारे गाढव आहेत, आणि आमच्या वेस्ट मांबलममध्ये अशा गाढवांची वाण नाही.

आणि आज माझ्याच घरात हे सापडलं.

झालं असं. नवरात्र तोंडावर आलं. कोलूच्या पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्यांची पेटी वर्षभर माळ्यावर असते, ती एरवी अमावास्येच्या आधी कोणी उघडत नाही. पण गेल्या वर्षी आमच्या मान डोलावणाऱ्या चेट्टियाराची, म्हणजे वाणी बाहुल्याची, मान निखळली होती. ती जोडावी म्हणून मी आज सुट्टीच्या दुपारी पेटी खाली काढली. चेट्टियाराच्या पोटात, कापसात गुंडाळलेली, ही वस्तू.

काड्यापेटीएवढी तपकिरी पाटी. एका बाजूला रंगीत पट्टे ओढलेल्या दाण्याएवढ्या नळ्या आणि तीन-तीन पायांच्या लहान टोप्या. दुसऱ्या बाजूला तांब्याच्या चकचकीत वाटा, वळणावळणाने गेलेल्या, आणि त्यांवर शिशाचे थेंब. कडेने चार वायरी लोंबत होत्या, कुठेच न जोडलेल्या.

मी आयुष्यभर तारेत घालवलं आहे. बॅटरी, रिले, चुंबक, सगळं उघडून बघितलं आहे. हे काय आहे ते मला कळलं नाही. कळलं नाही हे लिहायला हात जड होतो, पण इथे खोटं लिहून करायचं काय? बाहेर तमिळ, ऑफिसात इंग्रजी. मराठी फक्त घरात आणि या वहीत, आणि वहीत तरी सरळ असावं.

पाटी माझ्या कुलपाच्या डब्यात ठेवून किल्ली जानव्याला बांधली.

९ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी कॉफीच्या वेळेला पाटी मधोमध ठेवली आणि विचारलं, "ही कुणाची?"

अन्नपूर्णेने सुंदरीकडे बघितलं. सुंदरीने टंबलरात बघितलं. मग दोघी एकदम बोलू लागल्या आणि एकीचंही धड कळलं नाही.

मी म्हटलं, "पुटपुटूं नका. चोराच्या घरीं पुटपुटतात."

सुंदरी मोठ्याने म्हणाली, "अप्पा, तें कांहीं नाहीं. कॉलेजचें आहे. मला द्या."

"कॉलेजचें कॉलेजांत असावें. चेट्टियाराच्या पोटांत काय म्हणून?"

तिचा चेहरा तिच्या आईसारखा होतो अशा वेळी, हनुवटी पुढे. मी हनुवटीला भीत नाही, तीस वर्षं एक बघतो आहे. पाटी पुन्हा डब्यात.

मला वाटतं हे त्या व्यासराजाचं काम. पोरगी भोळी आहे, तिच्याकडे ठेवायला दिली असेल. पुराव्याशिवाय मात्र मी कुणाचं नाव घेणार नाही. आधी ओळख पटवायची.

१२ सप्टेंबर, रविवार

मूर मार्केटात गेलो. तिथे मोडक्या रेडिओंच्या ढिगाऱ्यात एक म्हातारा मुसलमान दुरुस्तीवाला बसतो, त्याच्याकडे जा असं जनकोजीने सुचवलं होतं. कल्लोळ तर असा की विचारू नका. पाखरं विकणाऱ्यांची रांगच्या रांग, पण पाखरं आजारी असावीत. चोची उघडत होती, चिवचिव नाही. असली पाखरं लोक विकत घेतात कशाला?

म्हाताऱ्याने भिंग लावून पाटी उलटसुलट बघितली. खूश दिसला. काहीतरी लांबलचक बोलला, त्यातलं निम्मं मार्केटाच्या गोंगाटात गेलं. मी म्हटलं, "पुरियलै, कळलं नाही, पुन्हा सांगा." त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग सावकाश हात वर करून स्वतःच्या कानाला बोट लावलं. मग तेच बोट माझ्याकडे केलं. पुन्हा त्याचा कान, पुन्हा मी. आणि हसला, वाईट नाही, मायेने हसला, आणि पाटी माझ्या हातात देऊन माझी मूठ बंद केली.

परत येताना गाडीत बसल्यावर सगळा उलगडा झाला आणि अंगावर काटा आला. कान लावून ऐकायचं यंत्र! आणि ऐकायचं कुणाला, तर मला! माझ्या हाताखालून लष्कराच्या तारा जातात. कुंभकोणम लाईनवर लष्कराचं फारसं काही नसतं हे खरं, पण शत्रूला काय ठाऊक?

मांबलमला उतरलो. गाडीचा धडधडाट फलाटाच्या टोकापर्यंत पोटात ऐकू येत होता. राममूर्ती म्हणे माझ्या आरामाची काळजी करतात!

१३ सप्टेंबर, सोमवार

घरात हुकूम काढला. ऑफिसबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. आणि जे बोलायचं ते हळू.

अन्नपूर्णेने कपाळावर हात मारला. मग पाठ फिरवून सांबारात पळी घातली आणि तिचे खांदे हलत होते. रडत होती की हसत, पाठीमागून कळलं नाही.

१६ सप्टेंबर, गुरुवार

आज सुंदरीशी कडाक्याचं भांडण. ती म्हणाली, पाटी द्या, नवरात्राच्या आत पाहिजे, तिला जोडायचा एक भाग मुंबईहून आला आहे. बघा! मुंबईहून! म्हणजे साखळी किती लांब पोचली आहे.

मी म्हटलं, "सोमवारीं पोलिसांकडे जाणार. व्यासराजाचें नांव देणार."

ती उभी राहिली. ओरडली नाही. माझ्यासमोर येऊन, तोंड माझ्या तोंडासमोर धरून, एकेक शब्द सुटा करून बोलली, आणि गंमत म्हणजे महिन्याभरात तिचं मला इतकं स्वच्छ कधी कळलं नव्हतं. "त्यांचें नांव घ्याल तर मी सांगेन ती माझी आहे. मी केली. माझ्या हातानें. मग मला नेऊं दे."

"काय आहे ती?"

"पुरी झाल्यावर सांगेन म्हणून शपथ घेतली आहे. अर्धी सांगितली तर तुम्ही फेकाल. गेल्या वर्षीं काय केलें तें आठवा."

गेल्या वर्षी मी काही केलं नव्हतं. हिने कुठल्याशा डॉक्टरचं नाव काढलं होतं, कानाच्या. मला! मी ताटावरून उठलो आणि ती ते नाव परत काढणार नाही असं म्हणेपर्यंत जेवलो नाही. बरोबरच केलं. त्याचा इथे काय संबंध?

त्या मुलासाठी स्वतःच्या अंगावर घेते आहे. असली हट्टी पोरगी कुणाच्या घरात जन्मावी? पोलिसांचं तूर्त लांबणीवर टाकलं. पाटी रोज ऑफिसला बरोबर नेतो, शर्टाच्या खिशात. खिसे मोठे केले ते एक बरं झालं, वायरींसकट नीट बसते.

२० सप्टेंबर, सोमवार

राममूर्तींनी बोलावलं. कुंभकोणमहून तक्रार आली म्हणे, की मद्रास बोलावण्याला उत्तर देत नाही. उलट्या बोंबा! मी म्हटलं, बोलावतो कोण? ते म्हणाले, दालनातल्या सगळ्यांनी ऐकलं. मी म्हटलं, सगळ्यांना जे ऐकू येतं ते मला येत नाही, असं कसं होईल?

ते उठून माझ्याजवळ आले. मग तोंडाचा आकार नीट करत म्हणाले, "शेषगिरी, बुधवारी एकोणतीसला तुमची परीक्षा घेतो. मी स्वतः मजकूर पाठवीन. बरोबर उतरवला तर खुर्ची तुमची, मी पुन्हा बोलणार नाही. नाही उतरला तर पावत्यांच्या खिडकीवर."

खिडकीवर! पोस्टाची तिकिटं चिकटवायला! मी म्हटलं, एकोणतीस कशाला, आत्ता घ्या. ते म्हणाले, नको, विसावा घ्या. मला या माणसाचा राग येतो तो अशासाठी, की तो वाईटही नाही.

बाहेर आल्यावर जनकोजीने पाठीवर हात ठेवला. त्याच्या डोळ्यात पाणी होतं. त्याला हल्ली सर्दी असते.

२६ सप्टेंबर, रविवार

लढाई थांबली. कोलू मांडला. पायऱ्यांवर पांढरं कापड, वर देवी, खाली दशावतार, मराठा दरबार, आणि चेट्टियार. त्याची मान मी जोडली ती झकास डोलते आहे. शेजारणी सुंडल, प्रसादाची हरभऱ्याची उसळ, खायला आल्या, गायल्या. कृष्णवेणी मामी तर म्हणे रेडिओवर गातात. मला तरी तोंड हलताना दिसलं, सूर कुठे वरच्या वर विरून जात होता. मद्रासचं गाणं आता असंच राहिलं आहे.

व्यासराज आला होता. मी त्याच्याशी बोललो नाही. त्याने जाताना नमस्कार केला आणि कानाकडे बघितलंच.

परीक्षेची मला धास्ती नाही. झोप लागत नाही ती उकाड्याने.

२९ सप्टेंबर, बुधवार

लिहायचं आहे. सरळ लिहायचं असं मीच म्हटलं होतं.

साउंडर नेहमीचा, टेबल नेहमीचं. राममूर्ती पलीकडच्या टेबलावर मोर्सची किल्ली घेऊन बसले. जनकोजी आणि चार लोक भोवती. डावा हात डब्यावर ठेवला, उजव्यात पेन्सिल. मजकूर सुरू झाला. लांब होता, इंग्रजी, मधे आकडे, गावांची नावं, मुद्दाम आडवीतिडवी. मी एक अक्षर चुकलो नाही. शेवटचं चिन्ह आलं तसं कागद पुढे सरकवला आणि खुर्चीला टेकून बसलो. जनकोजीने कागद वाचला आणि टाळी वाजवली.

राममूर्ती उठून माझ्यासमोर आले. कागद वाचला, मान हलवली. मग म्हणाले, "शेषगिरी, उत्तम. आता एकदाच. डावा हात टेबलावरून उचला."

मी म्हटलं, "कशाला?"

"उचला. मांडीवर ठेवा."

ठेवला. ते परत जाऊन बसले. मी वाट बघत राहिलो. काही येईना. मला वाटलं लाईनमध्ये काही बिघडलं. मी वर बघितलं तर सगळे माझ्याकडे बघत होते, हसत कोणी नव्हतं. राममूर्तींचा हात किल्लीवर हलत होता.

मग मी साउंडरकडे बघितलं. तरफ चालू होती. पितळेची तरफ खाली-वर, खाली-वर आपटत होती, नेहमीच्या वेगाने, माझ्या नाकासमोर, आणि तिच्यातून काही येत नव्हतं. काच लावलेल्या खिडकीपलीकडे माणूस हातोडा मारताना दिसावा तसं.

मी हळूच डाव्या हाताचं एक बोट डब्याला लावलं. लगेच मजकूर आला. बोट काढलं. गेला. लावलं. आला.

इतकी वर्षं मी ऐकत नव्हतो. बोटाने वाचत होतो, आणि मला ठाऊक नव्हतं.

खोलीत कोणी काही बोललं असेल. पेन्सिल टेबलावर ठेवली, कोट उचलला आणि निघालो. रस्त्यात बसचा घरघराट येत होता. भोंगा वाजवणाऱ्या सायकल रिक्षावाल्याने माझ्या तोंडासमोर येऊन शिव्या घातल्या तेव्हा कळलं की तो मागून वाजवत होता.

मला फार वाईट वाटलं. दुसरा शब्द नाही.

३० सप्टेंबर, गुरुवार

ऑफिसला गेलो नाही. दिवसभर कोलूसमोर बसलो. चेट्टियार मान डोलावत होता. कावळे खिडकीत आले, चोची उघडल्या, गेले.

मूर मार्केटातल्या म्हाताऱ्याचं बोट डोळ्यांसमोरून हलेना. त्याचा कान. मग मी.

सुंदरी कॉलेजातून आली. खिशातून पाटी काढून तिच्या तळव्यावर ठेवली आणि विचारलं, "ही माझी आहे काय?"

ती रडायला लागली आणि होकाराची मान हलवली. तिच्या आईने आतून येऊन तिला धरलं. मग दोघींनी मला सांगितलं, सावकाश, समोर बसून. तांब्याच्या वाटा सुंदरीने स्वतः आखल्या, तेजाबात घालून काढल्या, तीन टोप्या म्हणजे तीन ट्रान्झिस्टर, लहान आवाज मोठा करतात. व्यासराजाने डाग दिले. कानात बसायची गोळी मुंबईहून मागवली, आणि ती नीट बसावी म्हणून कानाचा साचा लागतो, तो मी काढू दिला नसता. म्हणून तो नुसता बघून अंदाज घेत होता, बिचारा. खिशात बसावी म्हणून खिसे.

आणि मी ती दोन आठवडे खिशात घेऊन हिंडलो.

सगळं ऐकून, म्हणजे बघून, मी म्हटलं, "सरि, बरें. आतां मी सांगतों. मी हें लावणार नाहीं."

१ ऑक्टोबर, शुक्रवार

लावणार नाही म्हणजे नाही. कानातून वायर लोंबवत मांबलम स्टेशनवर उभं राहायचं, आणि पोरांनी बोट दाखवायचं? पावत्यांच्या खिडकीवरही जाणार नाही. राजीनामा देईन. तंजावरला बहिणीच्या घरी राहीन. अन्नपूर्णा म्हणाली, "एकटेच जा. मला येथें कोलू आवरायचा आहे."

सुंदरी पाटी, गोळी, बॅटरी घेऊन व्हरांड्यात बसली आणि डाग देत राहिली. व्यासराज आला, तिच्या शेजारी बसून तार धरू लागला. मी दारातून बघत होतो. तार धरायला एवढा वेळ लागत नाही. मला कानाने कमी कळत असेल, डोळ्याने नाही.

४ ऑक्टोबर, सोमवार, सरस्वती पूजा

आज ज्याचं त्याचं हत्यार देवीपुढे मांडायचं आणि दिवसभर हात लावायचा नाही. सुंदरीची पुस्तकं आणि डाग द्यायची इस्त्री, अन्नपूर्णेची पळी आणि अडकित्ता. माझी जुनी मोर्स किल्ली दर वर्षी असते, वडिलांनी घेऊन दिलेली, तीही मांडली होती.

किल्लीच्या शेजारी एक डबी होती. लहान, ॲल्युमिनियमची, तिच्यातून वायर आणि वायरीच्या टोकाला गोळी. अन्नपूर्णेने तिला चंदन लावलं, कुंकू लावलं, जास्वंद ठेवलं, बाकीच्यांना लावलं तसंच. ना कमी, ना जास्त.

मी म्हटलं, "हें काय म्हणून मांडलें? हें माझें हत्यार नव्हे."

ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "तुमचें हत्यार कोणतें मग? बोट?"

मी आरतीचं तबक उचललं. राग मात्र आला आहे, आणि तो कुणाचा तेच कळत नाही. राममूर्तींचा नाही. सुंदरीचा नाही. मला वाटतं त्या तरफेचा आला आहे. माझ्या नाकासमोर आपटते आणि मला सांगत नाही. माझ्याच साउंडरने माझ्यापासून चोरून बोलावं, हे मी चालवून घ्यायचं? का म्हणून?

५ ऑक्टोबर, मंगळवार, विजयादशमी

आज हत्यार उचलायचा दिवस. ज्याने जे मांडलं ते त्याने उचलून थोडं तरी चालवायचं, त्याशिवाय पूजा पुरी होत नाही.

उचललं. डबी खिशात टाकली, गोळी कानात घातली. सुंदरीने चक्री फिरवली.

आधी चुरचुर, खरखर. माझा स्वतःचा शर्ट, कागद चोळावा तसा. मी ओरडलो, "हें काय, पापड भाजताय काय?" आणि माझा आवाज एवढा मोठा आला की मीच दचकलो. मी असा ओरडतो? या लोकांशी मी असा ओरडून बोलतो?

मग पलीकडून एक बारीक किणकिण. अन्नपूर्णेच्या बांगड्या. पळी सांबाराच्या भांड्याला लागत होती. बाहेर कावळे, पुष्कळ कावळे, वेस्ट मांबलम कावळ्यांनी भरलेलं आहे. अन्नपूर्णा पाठमोरी स्वतःशीच बोलत होती. "देवीआई, एवढें तरी चालूं दे. नाहीं तर हें गाढव तंजावरला जाईल आणि बहिणीच्या घरीं उपाशी मरेल." माझ्यासमोर, माझ्याबद्दल, बिनदिक्कत. किती वर्षं चाललं असेल हे!

डोळे भरून आले होते आणि ते मी पुसले, बस.

सुंदरीने मोर्स किल्ली उचलून टेबलावर ठेवली. लहान असताना मी तिला शिकवली होती. तिने हळूच ठोकलं, अप्पा. मी दोन्ही हात मागे बांधून उभा होतो. पुन्हा ठोकलं, अप्पा. मी तोंडाने उत्तर दिलं, "हो."

६ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी शर्ट बदलला, डबी खिशात, वायर कॉलरवरून उघडी. सुंदरी म्हणाली, कोटाच्या आतून घ्या, दिसणार नाही. मी म्हटलं, दिसू दे. स्टेशनवर पोरांनी बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं.

ऑफिसात साउंडरवर परवाच्या पूजेचं कुंकू होतं. मी सरळ जाऊन माझ्या खुर्चीवर बसलो. तंबाखूचा डबा काढून खाली ठेवला. दालनात एकदम शांतता पसरली. शांतता पसरते तेव्हा पंखा ऐकू येतो हे मी विसरून गेलो होतो.

राममूर्ती आले. म्हणाले, "शेषगिरी, हे काय?"

"कान, सार."

"नियमात अशी तरतूद नाही."

मी म्हटलं, "चष्म्याची आहे?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. जनकोजी खोकला. तो खोकला खरा नव्हता, मला आता कळतं. राममूर्ती म्हणाले, "वरून विचारावं लागेल." मी म्हटलं, "विचारा. तोवर परीक्षा पुरी करू. त्या दिवशी अर्धी राहिली." ते मग पलीकडच्या टेबलावर जाऊन बसले.

मी उजव्या हातात पेन्सिल घेतली. आणि डावा हात वर केला. मांडीवर नाही, वर, डोक्याच्याही वर, वर्गात पोर करतं तसा, सगळ्या दालनाला दिसेल असा.

टक. टक-टक. माझा जुना साउंडर. डब्याशिवाय त्याचा आवाज जरा कोरडा आहे, पण स्वच्छ. मजकूर मागच्यापेक्षा लांब होता आणि जास्त आडवातिडवा, वेगही वाढवला होता त्यांनी, भल्या माणसाने कसर ठेवली नाही. मी लिहीत गेलो. मधेच कुंभकोणमने लाईनवर बोलावलं, रीतसर, ठणठणीत. तो नेहमीच रीतसर बोलावत असणार. त्याला थांब म्हणून कळवायला जनकोजीला खूण केली, पेन्सिलीनेच, आणि पुढे लिहिलं. हात दुखायला लागला. खाली आणला नाही.

मजकूर संपला. राममूर्तींनी येऊन कागद वाचला, वरून खाली, पुन्हा खालून वर. एक चूक सापडली नाही. त्यांनी कागदाची घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली आणि माझ्या मागे जाऊन उभे राहिले. अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "झालं शेषगिरी. बसा इथेच. हात खाली घ्या आता."

मला स्वच्छ ऐकू आलं. मी हात वरच ठेवला.